बिनमाणसाच्या होडीचा नांगर

शनिवार, १४ डिसेंबर. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. आचऱ्याच्या उत्तरेला, बर्फाच्या बंद पडलेल्या कारखान्यामागचा किनारा. ओहोटी सुरू. वारा नावापुरता.

हजर: सर. दाजी तांडेल. इंजिनिअर मयुरी. दक्षिण टोकावर लाल झेंडा घेऊन दाजींची सून. उत्तर टोकावर लाल झेंडा घेऊन दाजींचा पुतण्या गुरुनाथ. पाहुणे तीन. होडी क्रमांक तीन. आणि यादी घेऊन मी.

ही हजेरी माझ्याच अक्षरात आहे. प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण आहे आणि त्यातली एक खूण चुकीची आहे. कोणती, ते मला सात वाजून एकतीस मिनिटांनी कळलं. पण आधी सर कसे होते ते सांगते. नाहीतर एका चुकीच्या खुणेचं एवढं काय, असं वाटेल.

सरांनी आयुष्यभर समुद्रात माणसाशिवाय चालणारी यंत्रं बनवली. पाण्याखाली जाऊन बंदरांच्या भिंती तपासणारी, तळाचे नकाशे काढणारी, जहाजांच्या पोटाखाली शिरून परत येणारी. देशात आणि देशाबाहेर अनेक बंदरांत त्यांनी नोकऱ्या केल्या होत्या. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. होडीत बसले की दहा मिनिटांत मळमळायचं. धक्क्यावर उभं राहून लाटांकडे एकटक बघितलं तरी मळमळायचं. ते मूळचे अकोल्याकडचे. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाविशी उलटली होती. "मला जाता आलं असतं तर मी यंत्रं कशाला पाठवली असती?" असं ते म्हणायचे आणि हे विनोद म्हणून म्हणायचे नाहीत.

निवृत्तीनंतर लोक गावी जातात. सर दुसऱ्यांच्या गावी आले. बर्फाच्या कारखान्याची शेड भाड्याने घेतली, त्यात कार्यशाळा थाटली आणि छोट्या होड्या बनवायला घेतल्या. सात फूट लांब, पिवळ्या, आत माणूस नाही. खाडीच्या तोंडाशी गाळ किती साचला, खडक कुठे आहेत, हे होडीने आपलं आपण फिरून मोजायचं आणि परत यायचं, एवढंच तिचं काम.

मी तेव्हा मालवणात एका शाळेच्या कार्यालयातली पंधरा वर्षांची नोकरी सोडून घरी बसले होते. कोणीतरी सांगितलं, तिकडे एक वेडा इंजिनिअर आलाय, त्याला कार्यालय सांभाळणारं माणूस हवंय. मी गेले. सरांनी शिक्षण विचारलं नाही. "यादी कशी करता ते दाखवा," म्हणाले. माझ्या पर्समध्ये घरच्या सामानाची यादी होती, तीच दिली. त्यांनी ती चष्मा वर करून, चष्मा खाली करून, दोनदा वाचली.

"जे झालं नाही, ते कुठे लिहिता?"

"पुढच्या यादीत सगळ्यात वर."

"कधीपासून येता?"

एवढीच मुलाखत.

सरांच्या गळ्यात कायम एक पितळी शिट्टी असायची. कार्यशाळेत, बाजारात, लग्नात, कुठेही. झब्ब्यावर शिट्टी घालून ते पंगतीला बसले की पोरं जवळ येऊन बघायची. स्कूटरवर बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारून ते मोठ्याने म्हणायचे, "ब्रेक. आरसा. स्टँड." एकदा कोणी हसलं म्हणून त्यांनी दोन फेऱ्या मारल्या.

आणि त्यांचा तो प्रश्न. "हे बिघडलं तर?" तो ते कुणालाही विचारायचे. मालवणच्या एका खानावळीत ताटं मांडल्यावर त्यांनी मालकाला बोलावून विचारलं, "सिलेंडरची नळी निघाली, तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठला?" मालकाला वाटलं, तपासणी आली. त्याने दोन जास्तीच्या सोलकढ्या आणून ठेवल्या आणि आम्ही उठेपर्यंत हात जोडून उभा राहिला. दाजींच्या मुलीच्या लग्नात तर सरांनी भटजींनाच गाठलं. "अंतरपाट धरणाऱ्याचा हात दुखला आणि तो मध्येच खाली आला तर?" भटजी म्हणाले, असं आजवर झालेलं नाही. सर म्हणाले, "म्हणजे तुमची तयारी नाही." शेवटी दोन जादा माणसं अंतरपाटाजवळ उभी करण्यात आली. दाजी अजून सांगतात, तेंच्या घरात तसला सुरक्षित लगीन दुसरा झाला नाय.

होड्यांना त्यांनी नावं ठेवू दिली नाहीत. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. "नाव ठेवलं की माया लागते. माया लागली की शिट्टी उशिरा वाजते." दाजींना हे पटलं नव्हतं. नारळी पौर्णिमेला त्यांनी सरांचा डोळा चुकवून तीन नंबरला कुंकू लावलं. ते तिला 'आमची बाय' म्हणायचे. सरांनी कुंकू बघितलं आणि फक्त सेन्सरच्या काचेवर उडालेलं तेवढं पुसलं.

शिट्टीचं काम असं. चाचणी चालू असताना हजर असलेल्या कोणालाही 'थांब' म्हणायचा हक्क. झाडूवाली मावशी असली तरी तिलाही. 'थांब' ऐकू आलं की सर शिट्टी वाजवायचे, मयुरी लाल बटण दाबायची आणि होडी थांबायची. होडी परत किनाऱ्याला लागेपर्यंत 'का थांबवलं' हे कोणी कोणाला विचारायचं नाही. मग एका जाड वहीत नोंद. थांबवणाऱ्याला गुळातल्या मालवणी खाज्याचा एक तुकडा. थांबवण्याचं कारण फुकट निघालं, तर दोन तुकडे.

हे दोन तुकड्यांचं गणित कोणालाच कळेना. मयुरीने विचारलं. ती दोडामार्गची. आधी रोज पहाटे उठून गोव्यातल्या कारखान्यात जायची, तिथे चालू यंत्र थांबवलं म्हणून तिचा पगार एकदा कापला होता. तिला हे फार विचित्र वाटलं.

"सर, चूक केली तर जास्त?"

"समोर आग दिसली की कोणीही ओरडतो. नुसती शंका आली म्हणून चार लोकांसमोर ओरडायला जास्त ताकद लागते. मग खायला जास्त नको?"

दाजींनी या नियमाचा पुरेपूर उपयोग केला. धामापूरच्या तलावावर एक नंबरची पहिली चाचणी होती. होडी पाण्यात उतरणार इतक्यात दाजी म्हणाले, "थांब." शिट्टी वाजली. होडी परत गाडीवर चढली. कारण काय?

"शिंक इली."

मी वहीत तसंच लिहिलं. कारण: शिंक. दोन तुकडे. त्या आठवड्यात दाजींना आणखी तीन वेळा शिंक आली. चौथ्या वेळी सर म्हणाले, "तांडेल, तुम्हाला सर्दी झाली आहे, औषध घ्या." पण तुकडे दिलेच.

दाजींना या कामात आम्ही घेतलं ते होड्या ओढायला आणि समुद्राची ओळख करून द्यायला. पण सरांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न त्यांनीच सोडवला, असं सर स्वतः सांगायचे. सरांनी होडीला थांबायला फार पक्कं शिकवलं होतं. किनाऱ्यावरून तिला दर सेकंदाला 'आम्ही आहोत' असा संदेश जायचा. तीन सेकंद तो आला नाही की पंखे बंद. बॅटरी तापली की बंद. ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली की बंद. हे सगळं सरांनी दाजींना फळ्यावर आकृती काढून समजावलं. दाजी तंबाखू मळत ऐकत होते.

"सायबानू, पंखो बंद झालो. मगे?"

"मग होडी थांबली."

"खंय थांबली?"

"जिथे आहे तिथे."

दाजी हसले. "रस्त्यावर गाडी थांबली तर थयच रवता. दर्यात कोण रवता? ओहोटी लागली काय ती थेट खडपार जातली. ह्या थांबणा न्हय. ह्या सोडून देणा."

सर खुर्चीत बसले. तीन दिवस ते फळ्यासमोर बसून होते. चौथ्या दिवशी लोहाराकडे गेले आणि चार नख्यांचा एक लहान नांगर बनवून आणला. होडीच्या नाकाशी एक खटका बसवला. पंखे बंद झाले की खटका सुटायचा आणि नांगर पाण्यात. मयुरीला त्याला नायलॉनची दोरी हवी होती. दाजींनी सुंभच लावला. काय झालंच तर कोयतीच्या एका घावात तुटायला हवा, म्हणाले. सरांचे जुने सहकारी फोनवर हसले म्हणे, उपग्रहावरून वाट शोधणाऱ्या होडीला काथ्याचा दोर. सरांनी फोन ठेवला आणि मला सांगितलं, "नोंद करा. चाळीस वर्षं मी यंत्रांना थांबवत नव्हतो, सोडून देत होतो." मी नोंद केली. आहे वहीत.

दुसरी गोष्ट त्यांना दाजींकडून मिळाली ती गाऱ्हाण्याची. आमच्याकडे कोणतंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. एक माणूस हात जोडून बोलतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. दोन नंबरची होडी समुद्रात उतरली तेव्हा दाजींनी घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही जी काय तुझी लेकरां तुज्या दर्यात बिनमाणसाची होडी सोडतत..."

"होय म्हाराजा."

"तिच्या वाटेत काय जाळी, खडप, वारो, वावधान आडवा येत असात..."

"होय म्हाराजा."

"कोणाची वाकडी नजर, कोणाची चुकभूल झाली असात..."

"होय म्हाराजा."

"तां सगळा दूर कर आणि होडी सुखरूप घराक येवंदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

मला वाटलं सर अस्वस्थ होतील. ते देवळात जाणारे नव्हते. पण ते खिशातून पेन काढून हातावर लिहीत होते. "ही तर धोक्यांची यादी आहे," मला म्हणाले. "जाळी, खडक, हवामान, बाहेरचा त्रास, स्वतःची चूक. मी हे परदेशात तीन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवायचो आणि शेवटचा मुद्दा लोक नेहमी विसरायचे." तेव्हापासून प्रत्येक चाचणीआधी गाऱ्हाणं आणि हजेरी. आधी गाऱ्हाणं, मग मी एकेकाचं नाव घ्यायचं, लांबच्या टोकावरच्यांनी झेंडा हलवायचा, तो मी डोळ्यांनी बघायचा, मग खूण.

टोकांवर माणसं का, हे पाहुणेसुद्धा विचारायचे. होडीला कॅमेरे होते, पुढे अडथळा दिसला तर ती वळायची. पण सकाळचं ऊन पाण्यावर तिरपं पडलं की कॅमेऱ्याला पाण्याबाहेर आलेलं डोकं आणि लाटेवरची चकाकी यातला फरक नेहमी कळायचा नाही. उत्तर टोकाच्या पलीकडे तर किनाऱ्यावरून काहीच दिसत नाही, आणि ओहोटीला गावातल्या बायका तिथेच कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून खडकांना चिकटलेल्या शिंपल्या, कालवं, काढतात. "होडीच्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे," सर म्हणायचे, "पण बायकांच्या जिवाइतका नाही."

तर १४ डिसेंबर.

पाहुणे एका मोठ्या कंपनीचे होते. त्यांना खाड्या मोजायला सहा होड्या हव्या होत्या. अट एकच: आमच्यासमोर एक तास न थांबता चालवून दाखवा. शेडचा करार मार्चपर्यंतच होता. सहा होड्यांचं काम मिळालं तर कार्यशाळा राहणार, नाहीतर बंद, हे आम्हा चौघांना माहीत होतं. सरांना त्यापेक्षाही एक गोष्ट हवी होती. ते किनाऱ्यावर नसताना होडी नीट जाऊन परत यायला हवी होती. "मी उभा असेन तोवर ती माझी होडी आहे. मी नसताना चालली तर ती होडी आहे." म्हणून गाऱ्हाणं झालं की ते शेडमध्ये जाऊन समुद्राकडे पाठ करून बसणार होते.

जाताना त्यांनी शिट्टी गळ्यातून काढली आणि माझ्या गळ्यात घातली. गळ्याला तिच्या दोरीचा वळ होता, तो उन्हात पांढरा दिसत होता.

"मयुरीला द्या की," मी म्हटलं.

"तिचं लक्ष यंत्राकडे असणार. तुमचं यादीकडे असतं."

चूक झाली ती अशी. पाहुण्यांना गाऱ्हाण्याचं फार कौतुक वाटलं. त्यांच्या प्रमुखांनी मोबाईलवर चित्रण सुरू केलं, दाजींना चेव चढला आणि त्यांनी गाऱ्हाण्यातच हजेरी घेऊन टाकली.

"दक्षिण टोकार आमची सून झेंडो घेवन उभी आसा..."

"होय म्हाराजा."

"उत्तर टोकार गुरुनाथ उभो आसा..."

"होय म्हाराजा."

सगळ्यांनी म्हटलं. पाहुण्यांनी म्हटलं. मी म्हटलं. लहानपणापासून म्हणत आले आहे, आवाज आपोआप निघतो, आणि त्या आवाजाबरोबर माझ्या हाताने खूण केली. नाव घेतलं नाही, झेंडा बघितला नाही. सात वीसला होडी निघाली.

फार सुंदर चालली. पाहुण्यांमधले प्रमुख म्हणाले, "वा." मयुरी पडद्यावरून डोळे न काढता हळूच हसली. माझ्या यादीत दर दहा मिनिटांनी टोकं तपासायची होती. साडेसातला मी दुर्बीण लावली. दक्षिणेला झेंडा. उत्तरेला खडक, खडकावर एक बगळा. गुरुनाथ दिसेना. जरा बाजूला गेला असेल, वाटलं. मग खुणेकडे बघितलं. ती मी कधी केली हे आठवायला लागले आणि लक्षात आलं की मी त्याला सकाळपासून पाहिलेलाच नाही.

होडी उत्तर टोकाकडेच वळत होती. दोन-तीन मिनिटांत खडकाआड गेली असती. ओहोटी होती. कालवांची वेळ होती.

मी खोटं सांगत नाही, त्या क्षणी माझ्या डोक्यात आधी शेडचा करार आला. मग मयुरीचा पगार. मग असंही आलं की होडीला कॅमेरे आहेत, ती वळेल, पन्नास वेळा वळली आहे. हे सगळं एका श्वासात. दुसरा श्वास शिट्टीत गेला.

मयुरीने मागे न बघता बटण दाबलं. पंखे बंद. खटका सुटला, नांगर पाण्यात गेला, सुंभ ताणला आणि होडी लाटेवर नाक वर करून उभी राहिली. ठरल्याप्रमाणे, तीन सेकंदांत. इतकं नीट थांबताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं?" प्रमुख म्हणाले.

"होडी किनाऱ्याला लागल्यावर सांगते," मी म्हटलं. नियम तोच होता.

दाजी आपली होडी घेऊन गेले. नांगर तळाच्या खडकात असा अडकला होता की निघेना. शेवटी त्यांनी कोयतीने सुंभ तोडला आणि तीन नंबरला ओढत आणलं. येताना टोकाला वळसा घालून पलीकडे बघून आले. तोवर शिट्टी ऐकून सर शेडमधून आले होते. माझ्या शेजारी उभे राहिले. काही विचारलं नाही. होडीचं नाक वाळूला टेकलं तेव्हा माझ्याकडे वळले.

"गुरुनाथ टोकावर नाही," मी म्हटलं. "मी न बघता खूण केली."

दाजींनी मान खाली घातली. "माजी चूक, वयनी. तो सासयेक आणूक स्टँडार गेलो. जत्रेक इली ती. एसटी लेट झाली आसतली. गाराण्यात नाव घेतलंय, तवसर पोचतलो म्हटलंय."

"आणि टोकाच्या पलीकडे कोण होतं?" प्रमुखांनी विचारलं.

"कोण नाय. आज गावची जत्रा मां. कालवांक कोण येतला?"

प्रमुख वाईट नव्हते, पण वेळ पाळणारे होते. "म्हणजे यंत्राची काही चूक नाही. पलीकडे कोणी नव्हतं. मग थांबवलं कशाला? पुन्हा तास सुरू करायचा तर आमची पुढची बैठक आहे."

"यंत्र बरोबर चाललं," सर म्हणाले. "आमची हजेरी चुकली. हजेरी चुकली की थांबायचं."

"पण कोणीच नव्हतं ना तिथे."

"हे आपल्याला थांबवल्यावर कळलं."

प्रमुखांनी घड्याळ बघितलं. मग हात मिळवला आणि गाडीत बसले. जाताना दाजींनी त्यांना शहाळी दिली. महिन्याभराने पत्र आलं. दुसरीकडे त्यांनी एक होडी पाहिली होती, ती न थांबता तासभर चालली होती. आमची होडी त्यांच्या गरजेला योग्य वाटली नाही.

त्या दिवशी दुपारी मी सरांना सांगायला गेले की सोमवारपासून येत नाही. त्यांनी खाज्याचा डबा उघडला आणि दोन तुकडे माझ्यापुढे ठेवले.

"सर, हे बरं दिसत नाही. माझ्यामुळे गेलं."

"खूण तुमच्यामुळे चुकली. त्याची वेगळी नोंद करा. शिट्टीची वेगळी. या दोन गोष्टी एका ओळीत लिहायच्या नाहीत."

मी वही काढली. दोन ओळी केल्या. त्यांनी वाचल्या.

"नांगर तळाशी राहिला. तो काढायचा आहे. यादीत घ्या. सगळं सामान किनाऱ्यावर आल्याशिवाय चाचणी संपली असं लिहायचं नाही."

"म्हणजे काय लिहू?"

"थांबली आहे, असं लिहा."

मी लिहिलं, आणि खाज्याचे दोन्ही तुकडे तिथेच बसून खाल्ले, कारण सर समोरून हलेनात. नंतर ते गोड्या पाण्याची बादली घेऊन तीन नंबर धुवायला बाहेर गेले. चाचणीनंतर होडी धुणं हे यादीतलं शेवटचं काम, ते नेहमी स्वतः करायचे, नाकापासून सुरू करून गोल. त्या दिवशी त्यांनी डावी बाजू धुतली, मग पुन्हा डावी बाजू धुतली. मी पुढे होऊन उजवी धुतली.

सोमवारी मी कामावर गेले. तोंडी हजेरी त्या आठवड्यापासून बंद झाली. सरांनी भिंतीवर फळी ठोकली, तिच्यावर खिळे, आणि प्रत्येकाच्या नावाची एकेक करवंटी. आपली करवंटी आपल्याच हाताने टांगायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. गुरुनाथ पुढच्या सगळ्या चाचण्यांना सर्वांत आधी यायचा आणि मला बोलावून दाखवायचा, "वयनी, बघ गो, टांगलंय." दाजी त्याला म्हणायचे, "मेल्या, सासयेची पण टांग एक." ती सासू जत्रा झाल्यावरही महिनाभर राहिली होती.

मार्चमध्ये शेड सोडली. जानेवारी-फेब्रुवारी आवराआवरीत गेले आणि नांगर राहिला. मग पाणी गढूळ झालं, मग पावसाळा. सर पुण्याला मुलीकडे गेले. तीन नंबर त्यांनी एका महाविद्यालयाला दिली, नांगराच्या खटक्यासकट, आणि पाठवताना चार पानांच्या सूचना जोडल्या. पहिली ओळ होती: हिला नाव ठेवू नये. मयुरी पूर्वेकडच्या एका बंदरात मोठ्या कंपनीत गेली, बिनमाणसाच्या जहाजांची सुरक्षा हेच तिचं काम. दर दोन महिन्यांनी ती माझ्याकडून पाच किलो खाजं मागवते. तिथे मिळत नाही म्हणे, आणि तिच्या लोकांना आता सवय लागली आहे.

मी मालवणात पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या एका केंद्राचं कार्यालय बघते. सरांची फळी माझ्याकडेच आहे. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने आपली करवंटी स्वतः टांगायची, बाहेर आल्यावर स्वतः काढायची. पर्यटक हसतात, फोटो काढतात. शिट्टी माझ्या गळ्यात असते. सर ती परत मागतील असं वाटलं होतं, त्यांनी मागितली नाही.

पुण्याहून महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊला त्यांचा फोन यायचा. तीन प्रश्न. आज भरती किती वाजता? शिट्टी कुठे आहे? नांगर काढला?

"नाही, सर."

"यादीत आहे ना?"

"सगळ्यात वर."

"बरं," म्हणून ठेवून द्यायचे. एकदाही 'का नाही' विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी नऊला फोन आला तो त्यांच्या मुलीचा. सर शनिवारी झोपेतच गेले होते. ती म्हणाली, त्यांच्या टेबलावर एक चिठ्ठी होती, तिच्यावर माझं नाव आणि खाली 'भरती, शिट्टी, नांगर' एवढंच लिहिलं होतं. म्हणजे काय, ते मला माहीत आहे का? मी सांगितलं, माहीत आहे.

नांगराची जागा वहीत आहे, मीटरपर्यंत मोजलेली. दाजी पंचाहत्तरीला आले, स्वतः बुडी मारत नाहीत, पण आमच्या केंद्रातली दोन माणसं पाच मिनिटांत नांगर वर आणतील. नोव्हेंबरात पाणी निवळलं की दाजींचा फोन येतो. "वयनी, औंदा काढूया मां तो?" मी म्हणते, काढूया. मग काहीतरी आधीचं काम निघतं. मला काम उशिरा करायची सवय नाही, हे मला ओळखणारे कोणीही सांगतील. पण नांगर किनाऱ्यावर आला की त्या पानावर 'चाचणी संपली' असं लिहून खाली सही करावी लागेल. सहीची जागा सरांची आहे.

या रविवारची यादी समोर आहे. ओहोटी सकाळी आठच्या सुमाराला. दोर आणि पिशवी गाडीत ठेवली. होडी दाजी आणणार, ती कालच बघून आले. उत्तर टोकावर गुरुनाथ, त्याने काल संध्याकाळी केंद्रावर येऊन करवंटी स्वतःच्या हाताने टांगली आणि मला दाखवली. खाजं आणलं. सगळ्यांपुढे खूण झाली, प्रत्येक बघून केली.

सगळ्यात वरची ओळ तेवढी राहिली आहे. नांगर काढणे. बाकी.